देवरे मॅडमचा समुद्र

कॉफी ढवळून झाली की देवरे मॅडम ती लगेच प्यायच्या नाहीत. चमचा उलटा धरायच्या आणि दांड्यानं कपाच्या बुडाशी टकटक करत राहायच्या, मान किंचित तिरकी करून ऐकत. सुरुवातीला आवाज जाडसर, बसका यायचा. टकटक तीच, कप तोच, पण आवाज मात्र हळूहळू चढत जायचा. एका जागी तो स्थिरावला की त्या चमचा बशीत ठेवायच्या आणि मग पहिला घोट घ्यायच्या. स्टाफरूममधल्या बाकीच्यांना याची इतकी सवय झाली होती की कुणी वर बघतही नसे. मी नवी होते. येवल्याहून नाशकात येऊन मराठी शिकवायला लागले त्याला जेमतेम आठवडा झाला होता, आणि माझी खुर्ची नेमकी त्यांच्या शेजारी होती.

काही दिवसांनी धीर करून विचारलं, तर त्या नुसत्या उठल्या. माझ्यासाठी एक कप केला, पूड टाकून ढवळला आणि चमचा माझ्या हातात दिला. मी टकटक केली. सूर खरंच वर चढत गेला आणि मला हसू आलं.

"पूड टाकली की पाण्यात बारीक बुडबुडे होतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्यातून जाताना आवाज रेंगाळतो, म्हणून सूर खाली. बुडबुडे निघून गेले की पाणी खरं बोलायला लागतं." मग जरा थांबून, "तुम्हाला वाटलं असेल, बाई कॉफी निवायची वाट बघतायत. तेही खरंच आहे."

सुनंदा देवरे मूळच्या नामपूरच्या. माहेरी कांद्याची शेती, घरात त्यांच्याआधी कुणी मुलगी कॉलेजला गेलेली नव्हती. आमच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या. वर्गात त्यांचं मराठी अगदी पुस्तकातल्यासारखं असायचं. पण नामपूरहून धाकट्या भावाचा, रमेशचा फोन आला की बोलणारी बाईच बदलायची. "काय चालनं? पानी कितलं शे विहीरमा?" असं मोकळ्या आवाजात अहिराणीत सुरू व्हायचं आणि अख्खी स्टाफरूम ऐकत बसायची. फोन ठेवला की पुन्हा पुस्तकातलं मराठी.

त्यांची पीएच.डी. द्रवांतल्या आवाजावर होती. एका द्रवात दुसरा द्रव किती मिसळला की त्यातून आवाज किती वेगानं जातो, हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं होतं. एकदा मला प्रयोगशाळेत नेऊन त्यांनी ते यंत्र दाखवलं. वाटीएवढं धातूचं भांडं, त्याच्या तळाला एक पातळ स्फटिक. वीज दिली की तो आपल्याला ऐकू येणार नाही इतक्या बारीक सुरात थरथरतो. वरून एक पट्टी स्क्रूनं खालीवर करायची. आवाज तळातून निघतो, पट्टीवर आपटून परत येतो, आणि पट्टी ठरावीक अंतरावर आली की शेजारच्या मीटरचा काटा उसळी मारतो. दोन उसळ्यांमधलं अंतर कळलं की वेग कळला, आणि वेग कळला की भांड्यात काय भरलंय याचा अंदाज येतो. मी स्क्रू भराभर फिरवला, तशी त्यांनी माझ्या मनगटावर हलकेच हात ठेवला. "घाई केली की द्रव खोटं बोलतो, निकमबाई." मराठीच्या प्राध्यापिकेला हे वाक्य आवडणारच. मी ते पुढे कितीतरी ठिकाणी वापरलं, त्यांचं नाव घेऊन आणि कधी न घेताही.

पुढे एकदा तपासणीसाठी बाहेरची समिती आली होती. त्यातले एक गृहस्थ त्यांचं काम चाळून म्हणाले की, असल्या द्रवांच्या वेगावर आपल्याकडे ढिगानं प्रबंध पडलेत, यातून पुढे काय? मॅडम म्हणाल्या, "मलाही तेच विचारायचंय सर." गृहस्थांना तो टोमणा वाटला, आम्हालाही तसाच वाटला. संध्याकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून घरी जाताना मी त्या माणसाला दोन शब्द ऐकवले, तर मॅडमनी मलाच थांबवलं. त्यांचं काही चुकलं नाही, म्हणाल्या. प्रश्न बरोबर होता, फक्त आपल्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं ते दोनेक वर्षांनी, पुण्याच्या एका उजळणी वर्गात. तिथे कुणीतरी शनीच्या चंद्रावर, टायटनवर व्याख्यान दिलं. परत आल्यावर त्या स्टाफरूममध्ये काहीच बोलल्या नाहीत. कॉलेज सुटल्यावर मात्र घराकडे वळायच्या ऐवजी त्यांनी स्कूटर सरळ गंगापूर धरणाकडे नेली. पाण्याच्या कडेला दगडावर बसलो, आणि मग त्या बोलायला लागल्या.

आपल्या पृथ्वीशिवाय, त्यांनी सांगितलं, उघड्यावर समुद्र असलेली माहितीतली एकच जागा आहे, आणि ती टायटन. पण तो समुद्र पाण्याचा नाही. आपण ज्या जातीचा वायू शेगडीत जाळतो, तो तिथे थंडीनं द्रव होऊन साचलाय. मिथेन आणि इथेन, आणि वरच्या हवेतला नायट्रोजन त्यात विरघळलेला. नदीतून वाहतो, पावसासारखा पडतो, आणि उत्तरेकडे मोठाल्या समुद्रांत भरून राहतो. एका यानानं वरून रडारनं काढलेल्या चित्रांत हे समुद्र काळे कुळकुळीत दिसतात. पण कुठल्या खोलीला काय आहे, किती मिथेन, किती इथेन, हे नीट कळायचं तर समुद्रात उतरून आवाज द्यायला हवा आणि तो परत यायची वाट बघायला हवी. मिथेनमधून आवाज हळू जातो, इथेनमधून जोरात. "तिथल्या मिथेनमध्ये आवाजाचा वेग किती असेल सांगा? जवळजवळ आपल्या या पाण्याइतकाच." त्यांनी समोर हात केला. "म्हणजे आपण इथे हाक मारली आणि तिथे मारली, तर आवाजाला फारसा फरक कळणार नाही."

एक यान तिथे उतरलंही होतं. समुद्रात पडलंच तर खोली मोजता यावी म्हणून त्यात तसलं साधन ठेवलं होतं. पण ते उतरलं कोरड्यावर. हे सांगताना मॅडमचा चेहरा असा झाला, जसं काही घरचंच कुणी चुकीच्या स्टेशनवर उतरलं होतं.

"मी जे आयुष्यभर केलं ना," त्या म्हणाल्या, "ते हेच होतं. फक्त कुणाच्या समुद्रासाठी करतेय, ते मला माहीत नव्हतं."

मी त्यांना इतकं हललेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. 

मग त्यांनी थंडीच्या मागे लागायचं ठरवलं. टायटनवर उणे एकशेऐंशीच्या आसपास तापमान असतं. प्राचार्यांकडे त्या द्रवरूप मिथेनची परवानगी मागायला गेल्या. प्राचार्य भला माणूस. त्यांनी शांतपणे सांगितलं की वरच्या मजल्यावर चार वर्ग भरतात, मी मुलांच्या पायाखाली स्फोटक ठेवू शकत नाही. मॅडमनी वाद घातला नाही. मला म्हणाल्या, मी त्यांच्या खुर्चीत असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.

वाट निघाली ती नामपूरहून. रमेश पशुवैद्यकीय दवाखान्याच्या कामाला होता, गावोगाव फिरून गाईंना कृत्रिम रेतन करायचा. ते वीर्य जपायला द्रवरूप नायट्रोजन लागतो, तो फुग्यासारख्या पोटाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनमधून येतो. नायट्रोजन पेटत नाही, आणि टायटनच्या समुद्राहूनही थंड असतो. मॅडमनी कॉलेजच्या नावानं रीतसर त्याच पुरवठादाराकडून तो मागवला, आणि पहिल्या खेपेला कॅन कसा हाताळायचा ते शिकवायला रमेश स्वतः आला. कांद्याच्या पिकअपमधून आल्यामुळे त्याच्या अंगाला कांद्याचा वास होता. कॅनचं झाकण काढल्यावर पांढरी वाफ टेबलावरून खाली ओघळली तेव्हा तो जरा गोंधळून म्हणाला, "अक्का, हाई गायीसनं शे. तुन्हा काय उपयोगनं?" हे गाईंचं सामान, तुला कशाला? मॅडम म्हणाल्या, शनीवर न्यायचंय. रमेशनं मान डोलावली. बहिणीला तो लहानपणापासून ओळखत होता.

पहिला प्रयोग फसला. कोमट भांड्यात नायट्रोजन ओतल्याबरोबर तो फसफसून उकळला आणि मीटरचा काटा वेड्यासारखा नाचत राहिला. थोड्या वेळानं बारीकसा आवाज झाला. थंडीनं स्फटिकाला तडा गेला होता. बघायला जमलेली मुलं हळूहळू पांगली. मॅडम मात्र काट्याकडे बघत तशाच उभ्या होत्या.

त्याच सुमाराला त्यांच्या घरी एक वेगळीच अडचण चालू होती. त्यांचे यजमान, प्रकाशराव, अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. तो कारखाना बंद पडला. प्रकाशराव घरी बसले आणि त्यांचं बोलणंच संपलं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गॅलरीतली खुर्ची. मुलगा बंगळूरहून फोन करून रोज नव्या नोकऱ्या सुचवायचा, शेजारी धीर द्यायचे, मेहुणे सल्ले द्यायचे. मी एकदा मॅडमना म्हटलं की तुम्ही काहीतरी बोला त्यांच्याशी. त्या म्हणाल्या, "सगळे आपापली ऊब घेऊन त्यांच्याजवळ जातायत. त्यांना अजून उकळी येतेय. मी जरा लांबच बसते."

आणि त्या खरंच तशाच बसायच्या. रोज संध्याकाळी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, पेपर तपासत. काही विचारायच्या नाहीत. किती आठवडे हे चाललं, मला सांगता येणार नाही. एका संध्याकाळी त्यांनी नव्या भांड्याचं हातानं काढलेलं चित्र स्टुलावर ठेवलं होतं. एका भांड्यात दुसरं भांडं, दोन्हींमध्ये नायट्रोजन, म्हणजे बाहेरचा उकळला तरी आतला शांत राहील. प्रकाशराव उठले, चित्र उचललं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "ही कड अशी ठेवलीस तर थंडीत आकसून गळेल." मॅडमनी मान वर न करता विचारलं की मग कशी ठेवायची. त्यावर ते तासभर बोलले. दुसऱ्या दिवशी एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिले. ते भांडं त्यांनीच केलं, आणि त्यानंतर त्याच वर्कशॉपमध्ये कामालाही लागले.

नव्या भांड्यात नायट्रोजन आरशासारखा शांत राहिला. काटा नीट उसळी मारू लागला. तेव्हा कुणीही म्हटलं असतं, जमलं. मॅडम म्हणाल्या, आता बिघडवून बघू. फसलेल्या दिवशी त्या काट्याकडे का बघत उभ्या होत्या, ते मला तेव्हा समजलं. समुद्रात उतरणारं यान स्वतः गरम असणार, आतली यंत्रं गोठू नयेत म्हणून त्याला ऊब ठेवावीच लागते. ती ऊब समुद्राला लागली की विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांनी बाहेर येणार, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. आणि बुडबुड्यांत आवाज हरवतो. म्हणजे इतक्या लांब ऐकायला गेलेलं यान स्वतःच्याच उबेनं बहिरं व्हायचं. मग आवाज देणारं साधन यानापासून किती लांब धरायचं, आणि कुठल्या बाजूला?

त्यासाठी त्यांनी शांत नायट्रोजनमध्ये एक इवलासा हीटर सोडला आणि कुठे, किती अंतरावर आवाज टिकतो ते मोजत राहिल्या. नाशकातले हिवाळे त्यात गेले. उन्हाळ्यात नायट्रोजन फार लवकर उडून जायचा. शेवटी जे निघालं ते सांगायला सोपं होतं: साधन यानाच्या पोटाखाली, लांब दांड्यावर धरा, कारण बुडबुडे वर जातात. "एवढंच?" असं मी विचारलं, आणि मॅडम मनापासून हसल्या. म्हणाल्या, एवढंच, पण दांडा किती लांब, ते आता सांगता येतं.

एका परिषदेत त्यांनी हे स्क्रीनवरून मांडलं. परदेशात अशा तरंगत्या यानाचा आराखडा करणारा एक गट होता, त्यांनी मॅडमची सगळी मोजमापं मागवली. आमच्या कॉलेजात पेढे वाटले गेले. प्राचार्यांनी फळ्यावर बातमी लावली, तीत टायटनचं स्पेलिंग चुकलं होतं. मॅडम त्या परदेशी गटाशी इंग्रजीत बोलायच्या त्या दिवशी स्टाफरूमचा पंखा बंद करायला लावायच्या, आवाज नको म्हणून. सहा-आठ महिने हे चाललं. मग एके दिवशी कळलं की समुद्रात उतरायचा तो बेत बाजूला पडला. पैसा दुसरीकडे वळला, टायटनवर जायचं ते आता जमिनीवर उतरायला.

मला फार लागलं. त्यांच्याहून जास्त मीच बोलत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "समुद्र कुठे जातोय, निकमबाई? तो आहे तिथेच." दुसऱ्या दिवशी त्या प्रयोगशाळेत होत्या.

निवृत्तीला वर्षभर उरलं असताना त्यांचं पोट फुगल्यासारखं व्हायला लागलं. गॅसेस म्हणून त्यांनी काही दिवस काढे घेतले. मग साडीच्या निऱ्या खोचता येईनात, तेव्हा डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. प्रकाशराव वर्कशॉपमध्ये होते, म्हणून सोबत मी गेले. अंधारी, गार खोली. तरुण डॉक्टर पोटावर जेल लावून यंत्र फिरवत होते. मॅडमनी त्यांना स्क्रीन जरा इकडे वळवता का, असं विचारलं. ते घुटमळले, पण त्यांनी वळवला.

राखाडी ठिपक्यांच्या मधोमध एक मोठा काळा भाग होता. कडा स्वच्छ, आत काहीच नाही.

"हे पाणी ना?" मॅडमनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले की रिपोर्टमध्ये सगळं येईल.

"मी रिपोर्ट विचारत नाहीये. मी हेच काम करते." त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "आवाज सरळ आरपार जातोय. मध्ये काहीच अडवत नाही, म्हणून काळं. बरंच साठलंय."

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी स्वतःहूनच यंत्र हळू फिरवत काय काय दिसतंय ते सांगायला सुरुवात केली. काळ्याच्या तळाशी, एका बाजूला, खडबडीत कडांचं काहीतरी होतं. तेही मॅडमनी पाहिलं. माझा हात त्यांच्या हातात होता आणि त्यांनी तो घट्ट धरला होता, इतकंच.

बाहेर आल्यावर जिन्यावर त्या क्षणभर टेकल्या. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "घरी मी सांगेन. तुम्ही आधी काही बोलू नका. त्यांना मीच सांगायला हवं, आणि सावकाश."

बीजांडकोशाचा कर्करोग होता. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, केस गेले, मधले काही महिने चांगले गेले. त्या चांगल्या महिन्यांत त्यांनी मोजमापांचा शेवटचा लेख पुरा केला आणि आपल्या पैशांनी नाही पण आपल्या हट्टानं तो सगळ्यांना मोकळेपणी वाचता येईल अशा जागी छापून आणला. मग पाणी पुन्हा साठायला लागलं. डॉक्टरांकडे आणखी देण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी नामपूरला जायचं ठरवलं. प्रकाशरावही वर्कशॉप सोडून सोबत गेले.

शेवटची भेट तिथलीच. मी एस.टी.नं गेले. रमेशच्या घरामागे चिंचेच्या सावलीत त्यांची खाट टाकली होती, शेजारी गोठा. त्या खूप वाळल्या होत्या, पोट तेवढं मोठं. आता अहिराणीच बोलत होत्या, माझ्याशीसुद्धा, आणि मध्येच लक्षात आलं की हसून मराठीत यायच्या. मी कॉलेजच्या बारीकसारीक गोष्टी सांगत राहिले. मग न राहवून विचारलं की वाईट वाटतं का, त्या समुद्रात कुणी उतरलेलं आपल्याला बघायला मिळणार नाही याचं.

गोठ्यात गाय पाणी पीत होती, तिच्याकडे त्या बघत होत्या.

"वाटतं ना," त्या म्हणाल्या. "का नाही वाटणार? मला तो सूर ऐकायचा होता." श्वास घेतला. "पण तिथून निरोप यायलाच तास-सव्वा तास लागतो, निकमबाई. विचारणाऱ्यानंच ऐकलं पाहिजे, असं कुठे आहे? एकानं विचारून ठेवायचं. दुसरं कुणी ऐकेल."

त्या दमल्या. प्रकाशराव पाणी घेऊन आले, त्यांनी चमच्यानं ओठ ओले केले. मॅडमनी मला शेवटची गाडी चुकवू नका म्हणून सांगितलं. मी उठले तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते.

त्यानंतर आठवड्याभरात, मी वर्गावर जायला निघाले होते तेव्हा रमेशचा फोन आला. अक्का पहाटे गेली, एवढंच तो म्हणाला. व्हरांड्यातून मुलांचा गलका येत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की शेवटी त्या काही बोलल्या का.

"नाही, मॅडम," रमेश म्हणाला. "बोलत आम्हीच व्हतो. ती ऐकत व्हती."